जानकीकाकू समोर बसल्या

जानकीकाकूंनी हे विनोदी नाटक चाळीतल्या गणपतीत कितीतरी वर्षं केलं होतं, पण पाहिलं एकदाही नव्हतं. सुनेने स्टेजवर जायचं नाही, हा सासऱ्यांचा हुकूम. वाचन मात्र स्वच्छ, म्हणून त्यांना प्रॉम्प्टिंगला विंगेत बसवलेलं. खोट्या जावयाचा सगळा घोटाळा त्यांना बाजूनेच माहीत: नटांचा एकच गाल, घामाने चिकटलेले सदरे आणि पलीकडच्या अंधारातून येणारं हसू.

आता मुलुंडच्या नाट्यगृहात त्या पहिल्यांदाच समोर बसल्या होत्या. खोटा जावई झाला होता त्यांचाच मुलगा, निलेश. नोकरी सांभाळून हौशी संस्थेत जायचा. ही पहिलीच मोठी भूमिका. तो कुठे अडू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

पडदा उघडला. समोरून सगळं परकंच दिसत होतं. लोक हसत होते. आपणही हसायचं, की पुढचं वाक्य ओठांवर तयार ठेवायचं, काकूंना कळेना.

"विंगेत काय शोधतस गो?" शेजारून सहदेवकाका कुजबुजले.

"प्रॉम्प्टर दिसत नाही."

"आता नाय ठेवत. नवरा बसलाय बाजूक, जरा नाटक बघ."

दुसऱ्या अंकात नाटकातल्या सासऱ्याने जावयाला नाव विचारलं आणि निलेश थांबला. तोंड उघडं, शब्द नाही. सगळं थिएटर चिडीचूप. काकू पुढे झुकल्या आणि विंगेतल्या त्याच दबक्या पण खणखणीत आवाजात म्हणाल्या, "नाव ना? सकाळीच बदललं!"

निलेशने खाली पाहिलं. मग तेच वाक्य म्हणाला. हशा उसळला, टाळ्या पडल्या. त्या कुणाला, हे काकूंना उमगलं नाही. त्यांनी पदर तोंडावर धरला.

प्रयोगानंतर त्या मेकअप रूममध्ये गेल्या.

"आई, बाल्कनीपर्यंत ऐकू गेलं गं तुझं!"

"विसरला होतास ना?"

"छे! तिथे थांबायचंच होतं. तसंच बसवलंय."

"आमच्या वेळी नव्हतं."

"आता आहे."

काकूंनी पदराने त्याची मान पुसली. ती गार पडली होती.

"खरं सांग रे."

निलेश आरशात बघून मिशी सोडवत राहिला. "पुढचा प्रयोग बोरिवलीला आहे," तो म्हणाला. "पहिल्याच रांगेत बस."

बाहेर आल्यावर काकूंनी काकांना अडवलं. "म्हणजे विसरला होता, की नव्हता?"

"माका काय विचारतस? मी हसत होतंय."