कथलावरची साय

अडीच वर्षं मी एकच गोष्ट ठासून सांगत होते: कथील वाढवा, उजेड वाढेल. मोबाइलची चिप कोरायला लागणारा हा उजेड डोळ्यांना दिसत नाही. कथलाच्या बारीकशा थेंबावर लेझर मारला की त्याची धगधगीत वाफ होते आणि तिच्यातून तो निघतो. किती निघेल, हे गणित माझं. प्रयोगशाळेतली मैत्रीण तो मोजायची आणि तिचा आकडा दर वेळी माझ्यापेक्षा बराच कमी यायचा.

गणपतीसाठी मी बोर्ली पंचतनला घरी आले होते. साडेअकराला माझे मार्गदर्शक सर आणि ती मैत्रीण यांच्याबरोबर ऑनलाइन मीटिंग होती. माझी फेलोशिप पुढे चालणार की नाही, ते तिथे ठरणार होतं. स्लाइड तयार होती: 'मोजण्याच्या यंत्रात दोष.' मी तिचा रंग बदलत बसले होते.

अंगणात बाबांची भट्टी पेटलेली. सणाआधी अख्ख्या गावाची पितळी पातेली कल्हईला आमच्याच दारात येतात. धुराने मी खोकून बेजार झाले, तेव्हा तणतणत बाहेर गेले.

"बाबा, तासभर बंद ठेवा ना!"

"कथील वितळलंय गो, आता कसं बंद ठेवू?" त्यांनी लोखंडी पळी पुढे केली. वर मळकट साय धरली होती. त्यांनी ती काडीने सारली, तर खाली लख्ख चमक. "भायेरनं साय धरली का आतली चमक दिसत न्हाय."

मी तिथेच थिजले. माझी वाफही बाहेरून निवत असणार. आतलं कथील जो उजेड देतं, तोच बाहेरचं गार कथील गिळत असणार. हा बाहेरचा थर मी सुरुवातीला सोपं पडावं म्हणून गणितातून सोडला होता आणि मग साफ विसरले होते. कल्हईवाल्याची पोर मी!

अकरा वाजून गेले होते. तो थर घालून गणित पुन्हा चालवलं. आकडा घसरत मैत्रिणीच्या आकड्याशी येऊन थांबला. कथील वाढवलं तर उजेड आणखी कमी. अडीच वर्षांची कल्हई उडाली. मला रडू आलं. स्लाइड अजून तशीच होती आणि कुणाला काही कळलं नसतं.

बाबा पाणी प्यायला आत आले. "तोंड का उतारलंय?"

"माझं चुकलंय. अजून कुणाला माहीत नाही."

कल्हई झालेल्या प्रत्येक पातेल्यात बाबा आंबट ताक घालून ठेवतात. कळकून हिरवट झालं, तर भांडं पुन्हा भट्टीवर. दारातल्या एका पातेल्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्यातलं कळकलं. परत करतोय. ताकाला जाऊन भांडं लपवून कसं चालंल?"

मी स्लाइड पुसली आणि मीटिंगला बसले.

"सर, यंत्र बरोबर आहे. माझं गणित चुकलंय."

सर म्हणाले, "फेलोशिपचं आता सांगता येणार नाही."

माझ्या शब्दावर मैत्रिणीने ते यंत्र सहा महिन्यांत कितीदा खोललं आणि जोडलं, मी कधी विचारलंच नव्हतं. स्क्रीनवर तिने चष्मा काढून डोळे पुसले.

"म्हणजे उद्या पुन्हा खोलू नको ना?" तिने विचारलं.