जावेची निळी पिशवी

माझ्या धाकट्या जावेकडे प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या आणि माझ्याकडे पोफळीच्या विरी. ऐंशीच्या दशकातल्या आमच्या पालीजवळच्या वाडीत एवढ्यावरूनही माझा जळफळाट व्हायचा.

दीर मुंबईला कामाला. तो आला की निळ्या पिशव्यांची चवड आणायचा. मांडवीची मासेवाली येऊन गेली की जाऊ बांगड्यांची डोकी-आतडी पिशवीत भरायची, गाठ मारायची आणि मिरवत उकिरड्यावर जायची. एक थेंब गळत नसे. माझा नवरा पोफळीच्या गळून पडलेल्या झावळीच्या बुडाची विरी, म्हणजे रुंद, चिवट साल, सोलून द्यायचा. ती भिजवायची, टोकं दुमडून बांधायची, घाण भरायची आणि विरीसकट माडाच्या आळ्यात पुरायची. वाटेत लाल पाणी माझ्या पातळावर. जाऊ सहज हसली तरी वाटे, मला बघूनच हसतेय.

शेवटी तिच्या दारामागची एक पिशवी मी चोरलीच. घाण भरली, ऐटीत गाठ मारली आणि हाताच्या सवयीने पिशवीसकट माडाखाली पुरून आले. विरी मातीत जिरते तशी हीपण जिरेल, एवढंच डोक्यात.

पावसाआधी मीठ-राख घालायला सासूबाईंनी आळं उकरलं, तर पिशवी वर आली. तोच रंग, तीच गाठ. फावड्याने फाटली आणि असा वास सुटला की त्यांनी पदर नाकाला लावला.

"कोनी पुरलान ह्या?"

राखेची पाटी घेऊन जाऊ शेजारीच उभी होती. तिने पिशवी ओळखली, मग माझ्याकडे बघितलं.

"मीच," ती म्हणाली. "चुकून गेली."

सासूबाईंनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. मी खाली मान घालून आळ्यात मीठ पसरत राहिले.

विहिरीवर हात धुताना मी विचारलं, "माजा नाव का नाय घेतलंस?"

"घेऊन काय करू? पन वयनी, तुमाला कशाला हवी पिशवी? तुमचा मानूस घरात हाय, इरी सोलून हातात देतो. माजा वर्सातना दोनदा येतो नि पिशव्या ठेवून जातो."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या पायरीवर दोन विरी ठेवल्या. त्या मी स्वतः सोलल्या होत्या. नवऱ्याने सोललेल्या तिला द्यायला माझा हात धजला नाही.