सासूबाईंचं नाक

मी पुण्याची. लग्न होऊन नागपुरात आले, तर सासूबाई मला मसाल्याच्या डब्याला हातच लावू देईनात. "तुमच्याकडे सारं गोडगोड वं, तुले नाही जमायचं," असं म्हणून मोकळ्या व्हायच्या. मी मनातल्या मनात चरफडायचे. पण त्यांच्या नाकाचा दराराच तसा होता. थंडी पडली की गल्लीतल्या बायका घरोघरी मसाला भाजायच्या आणि वाटीत घेऊन सासूबाईंकडे यायच्या. त्या चिमूटभर नाकाशी नेत आणि निकाल देत, "धने कच्चे राहिले वं." पोट दुखलं तर ओवा, दाढ ठणकली तर लवंग, झोप येत नसेल तर दुधात जायफळ, हा कारभारही त्यांचाच.

दुसऱ्या वर्षी ऐन थंडीत त्यांना जबरदस्त सर्दी झाली. सुंठ, लवंग, मिऱ्यांचे काढे पिऊन बऱ्या झाल्या आणि लगेच डिंकाचे लाडू करायला बसल्या. डिंक तळून झाला, खारीक-खोबरं झालं, शेवटी जायफळ किसायला घेतलं. मी बघते तर काय, हातात पानाच्या डब्यातली सुपारी!

"अहो आई, सुपारी किसताय!" माझी जीभ कुठली दम धरतेय.

किसणी थांबली. त्यांनी तो कीस नाकाशी नेला, पुन्हा नेला.

"मले वासच येऊन नाही राहिला वं," त्या हळूच म्हणाल्या. "सर्दी गेली, अन् वास घेऊन गेली. उद्या समोरची येते लेकीच्या लग्नाचा मसाला घेऊन. काय सांगू तिले?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी! माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

"मी आहे ना," मी म्हणून टाकलं.

दुसऱ्या दिवशी समोरची बाई आली. सासूबाईंनी नेहमीसारखी चिमूट हुंगली आणि माझ्या नाकाखाली धरली. "घे वं, शीक जरा. सांग, काय चुकलं?"

एक शब्द चुकला असता तर लग्नाची पंगत आणि सासूबाईंची इतक्या वर्षांची पत, दोन्ही बुडाल्या असत्या. मी डोळे मिटले. "दगडफूल कमी आहे. आणि खसखस जरा करपलीय."

"बरोब्बर!" सासूबाई अशा थाटात म्हणाल्या, की त्यांना वास आलाच, असं मलाही क्षणभर वाटलं. लग्नात पाटवडीचा रस्सा लोकांनी मागून मागून घेतला.

तो सगळा हिवाळा असाच गेला. त्या हुंगायच्या, मी सांगायची. दुपारी त्या मला डोळे मिटायला लावून लवंग, कलमी म्हणजे दालचिनी, शहाजिरं ओळखायला लावत. मला ते फार आवडायला लागलं होतं.

पुढच्या थंडीत एका सकाळी मी अंगणात नळावर होते. मागच्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, "अवं, दूध लागून राहिलं!" मी धावले. दूध खरंच बुडाला धरत होतं. वळून बघते तर त्या दारात उभ्या, हसताहेत. "आलं वं, माहं नाक परत आलं!" मी ओल्या हातांनीच त्यांना मिठी मारली. आनंद तर झालाच, पण आता आपलं काम संपलं, असंही वाटून गेलं.

त्याच दुपारी समोरची बाई नवा मसाला घेऊन आली आणि वाटी सासूबाईंपुढे धरली. त्यांच्या नाकपुड्या फुलल्या. त्यांना सगळं कळलेलं मला दिसत होतं.

"मले काहून दाखवतं वं?" त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली. "माह्या सुनेले दे. तिले कळते."