पंगतीतलं रिकामं पान

अळूवड्यांचे उंडे उकडायला ठेवले की घरभर जो हिरवा, ओलसर, चिंचगुळाचा वास पसरतो, तो आमच्या आळीत कधी एकटा येत नाही. मागच्या सायझिंगच्या कारखान्यातून सुताला लावायच्या खळीचा आंबूस वाफारा येतो आणि त्यात मिसळून जातो. भिवंडीत वाढलेल्या माणसाला हे दोन वास वेगळे करता येत नाहीत. निदान मला तरी येत नाहीत. बाबांच्या वर्षश्राद्धाच्या त्या सकाळी आश्विनातलं ऊन अंगणातल्या फरशीवर तापत पडलेलं होतं, आई सोवळं नेसून चुलीपाशी होती आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभा होतो, कारण आत जावं की नाही हे मला ठरवता येत नव्हतं.

उंबऱ्याशी घुटमळण्यात माझं सारं आयुष्य गेलं आहे. यात आईचा दोष नाही. तिचं सोवळं सैल, हसरं होतं. नियमांचं वेड माझं स्वतःचं. दहावीत असताना एका संकष्टीला मी चुकून अंडाभुर्जी खाल्ली. चुकून म्हणजे, वास चुकवता आला नाही म्हणून. मग कुणीही न सांगितलेलं प्रायश्चित्त म्हणून निर्जळ उपास आरंभले आणि शाळेत भोवळ येऊन पडलो, तोही नेमका मुख्याध्यापकांच्या अंगावर. देव आपल्यावर सदैव नाराज आहे आणि त्याची समजूत काढणं हे आपलं जन्मभराचं काम आहे, अशा कल्पनेनं मी मोठा झालो, शिक्षक झालो, मुलांना मराठी शिकवू लागलो, आणि तरीही रात्री अंथरुणावर पडताना दिवसभरातल्या चुका मनातल्या मनात घोळवत राहिलो.

त्यातून मला सोडवलं ते काशिनाथदादानं. दिघाशीच्या शेतकरी घरातला हा माणूस, दापोड्याच्या एका गोदामात सुपरवायझर. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती, त्यामुळे ओळख झाली. रविवारी अंजूरला एका बंद पडलेल्या लूमच्या शेडमध्ये तो दहावीस माणसं जमवून येशूविषयी बोलत असे. तिथे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कवाडातून येणाऱ्या तिरप्या उन्हात कापसाचे जुने तंतू तरंगत होते, आणि मी माझ्या सवयीनं पहिला प्रश्न विचारला, की यात काय काय सोडावं लागतं?

"सोडायचं कसलं?" तो हसला. "तुला काय द्यायचंच न्हाय, मास्तर. घ्यायचं हाय. हात उघड फक्त."

एवढंच. पण आयुष्यभर मूठ आवळून बसलेल्या माणसाला हात उघडणं किती अवघड जातं, आणि उघडल्यावर त्या तळव्याला वारा कसा लागतो, हे मला तेव्हा कळलं. आपण चांगले झालो म्हणून नव्हे, चांगले होण्याआधीच कुणीतरी आपल्याला आपलं म्हटलेलं आहे. कृपा या शब्दाचा अर्थ इतका साधा असेल असं मराठीच्या शिक्षकालाही वाटलं नव्हतं. अंजूरच्या खाडीत माझा बाप्तिस्मा झाला, त्यात चष्मा गाळात गेला, आणि माझ्या नव्या जन्माचं पहिलं दर्शन मला अगदी धूसर घडलं. मी लगेच काशिनाथदादाला विचारलं, की आता नियम कुठले? तो खो खो हसला. "तुझ्या गळ्यात दावं न्हाय रं आता. तरी खुंट्याभवतीच गोल फिरतोस!"

तो आमच्याकडे जेवायला येऊ लागला. आईनं त्याला आधी ओसरीवर वाढलं, मग माजघरात, आणि एक दिवस थेट चुलीसमोर, गरम अळूवडी तव्यावरून त्याच्या ताटात. सोवळ्याची रेघ कुठे विरघळली हे तिलाही सांगता आलं नसतं.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा मात्र नानाकाका, बाबांचे धाकटे भाऊ, गंभीर झाले. विधी त्यांनीच करायचा होता, त्याबद्दल वाद नव्हता. पण माझं पान वेगळं, ओसरीवर लागावं, असं त्यांचं म्हणणं. "वहिनी, ही श्राद्धाची पंगत आहे, खानावळ नाही."

"ठाऊक आहे, भाऊजी," आई म्हणाली. "त्याच्याच बापाची पंगत आहे. त्याचं पान आत लागेल. आणि त्याच्या मित्राचंही, त्याच्या शेजारी."

आईनं दिराला उलट उत्तर दिलेलं मी आयुष्यात तेव्हा प्रथम ऐकलं. उभ्या नात्यागोत्यासमोर तिनं स्वतःला गहाण टाकलं होतं, आमच्या दोघांच्या दोन पानांसाठी. इकडे अडचण निराळीच होती. कल्याणच्या ज्या मोठ्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, आधारानं अंजूरचा मेळावा चाले, तिथल्या ज्येष्ठांनी अलीकडे सांगून ठेवलं होतं, की विश्वासणाऱ्यांनी नैवेद्याच्या, श्राद्धाच्या जेवणाला बसू नये. मी हे काशिनाथदादाला विचारलं. "ताटावरनं कोन तरतो, आन कोन बुडतो?" तो म्हणाला. "मी येतो. तुझ्या बाजूलाच बसतो, भिऊ नको."

आणि तो आला. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला, आईला "मावशी, लई सुटलाय वास" म्हणाला, माझ्या उजव्या बाजूच्या पाटावर बसला. केळीच्या पानावर खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. नानाकाका समोर, मान किंचित वळवून. काशिनाथदादानं अळूवडीचा एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले; बाबा गेल्यापासून त्या घरात मला इतकं घरच्यासारखं वाटलं नव्हतं.

दाराशी चपला काढल्याचा आवाज झाला. कल्याणचे दोन ज्येष्ठ. संध्याकाळी अंजूरला प्रार्थना होती, ते लवकर पोचले होते आणि काशिनाथभाऊ मास्तरांकडे आहेत असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. सभ्य, मवाळ माणसं. दारातूनच सर्वांना नमस्कार केला. त्यातले वयस्क फक्त एवढंच म्हणाले, "काशिनाथभाऊ? आपण इथे?"

त्याचा हात वडीपाशी थांबला. मग त्यानं ती पानाच्या कडेला ठेवली.

"न्हाय न्हाय, बसलो न्हाय. मास्तरला न्यायला आलो व्हतो नुसता. चला, चला."

तो उठला. ज्या तोंडात आईची वडी अजून होती त्याच तोंडानं तो हे म्हणाला. आई खिरीचं पातेलं घेऊन उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही, नानाकाकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिथे राग नव्हता, समाधान होतं. ते जास्त लागलं.

इथे मी ठामपणे बसून राहिलो असं लिहिता आलं असतं तर काय बहार आली असती! खरं असं, की मीही उठायला गेलो. ज्येष्ठांची नजर माझ्याकडे वळताच माझ्यातला तो संकष्टीचा मुलगा खडबडून जागा झाला आणि म्हणाला, ऊठ. पण मी पडलो खुर्चीवर बसून शिकवणारा माणूस. पाटावर मांडी घालून बसल्यानं उजव्या पायाला एवढ्या मुंग्या आल्या होत्या की तो पाय माझा आहे की पाटाचा, हेच कळेना. मी चार बोटं उचललो गेलो, आणि धपकन् परत बसलो. हात खिरीत.

काशिनाथदादानं मागे वळून पाहिलं. मी बसलेला. त्याची मान खाली गेली. दार ओलांडून ते तिघे उन्हात गेले.

"बघा," नानाकाका पंगतीला म्हणाले, "बसला! शेवटी रक्त आपलंच." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या पानावर वडा वाढला. सबंध पंगत माझ्याकडे कौतुकानं पाहत होती, आणि मी खिरीनं बरबटलेला हात घेऊन न केलेल्या पराक्रमाचा मान घेत होतो.

आई वाढत वाढत माझ्यापाशी आली, वाकली, आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "पाय पसर जरा. मुंग्या जातील." आणि सांडलेल्या खिरीच्या जागी पुन्हा खीर वाढली.

दुपारभर मी काशिनाथदादाला मनात झोडपत होतो. ज्याच्या तोंडून मी सुटकेची गोष्ट ऐकली, तोच दोन माणसांना भिऊन पानावरून उठला असेल, तर ती गोष्ट खरी होती का? की ती खरी असण्याला त्याच्या खरेपणाची गरजच नव्हती? या दुसऱ्या विचारानं मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मला त्याला शिक्षा हवी होती. त्याच्यापुरता एखादा कडक, जुना, न वाकणारा नियम हवा होता. कृपेचा एवढा गोडवा गाणारा मी, पहिल्याच दगाबाजीला सारा कायदा पाठ म्हणू लागलो होतो.

तेवढ्यात आईनं पितळी डबा माझ्यासमोर ठेवला. वड्या, खीर, वरून घट्ट झाकण. "अंजूरला जाऊन ये. काशिनाथ एका घासावर उठून गेलाय."

"गेला ना? जाऊ दे उपाशी. तुझी लाज घालवली त्यानं सगळ्यांसमोर."

"घालवली," ती म्हणाली. तिलाही लागलं होतं, ते तिनं लपवलं नाही. "तू पण निघाला होतास की. तुला वाढलं ना मी?"

नाक्यावरच्या रिक्षावाल्यानं विचारलं, "अंजूर? बैठो, साहब." मी बसलो, ते डबा गरम होता आणि उभं राहून तो धरवत नव्हता म्हणून बसलो, असं समजा. रस्त्यावर कंटेनरची रांग, धूळ, आणि रिक्षा एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात जाणारी. त्याला गाठल्यावर काय काय सुनवायचं याची वाक्यं मी पूर्ण व्याकरणासह जुळवत होतो, एकाहून एक धारदार, आणि त्यातलं एकही मी अजून मागे घेतलेलं नव्हतं. फक्त प्रत्येक खड्ड्याला माझे दोन्ही हात आपोआप वर उचलले जात होते, डबा सरळ राहावा, खीर सांडू नये म्हणून.