अर्धं उगवणारं बियाणं

ती घटना आठवली की आजही मला आधी स्वतःचा राग येतो, गुन्हेगाराचा नंतर. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण मुळापासून हादरलो ते कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटांनी. यातल्या कुणाचंही नाव मी घेणार नाही. चूक मात्र माझी होती आणि ती माझ्या नावावरच राहू द्या.

अंजनगाव सुर्जीच्या बाजूला एका लहान ठाण्याचा मी ठाणेदार होतो. ती वर्षं वऱ्हाडाला फार वाईट गेली. ठाण्यातली अकस्मात मृत्यूची नोंदवही शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी वर्ष संपायच्या आत भरायची आणि नवी मागवावी लागायची. त्यामुळे बियाण्याची तक्रार आली की आम्ही ती हलक्यात घेत नव्हतो.

ही तक्रार आली त्याच्या आधीच्या आठवड्यात आमच्या कृषी विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला होता. नाव कमावलेल्यांची स्मरणिका निघाली, त्यात माझंही पान होतं. शेतीचं शिकून आम्ही काय काय झालो होतो! एक जिल्हाधिकारी, दोन तहसीलदार, एक कीर्तनकार, एक टीव्हीच्या मालिकेत सासरा, एक परदेशात मातीचा शास्त्रज्ञ. बँकवाले इतके की त्यांना वेगळा विभाग द्यावा लागला. मी पोलीस. स्वतःच्या हाताने शेती करणारा एकच होता आणि त्याचा फोटो शेवटच्या पानावर होता. माझा होस्टेलचा खोलीमित्र अर्थातच पहिल्या पानांत. बियाणे शास्त्रात सुवर्णपदक, कंपन्यांचा सल्लागार, अकोल्यात जठारपेठेत कार्यालय. व्यासपीठावर आम्ही शेजारी बसलो होतो. त्याला शाल घातली तेव्हा टाळ्या वाजवताना माझे तळहात लाल झाले.

मृगाला आठ-दहा दिवस उरले असताना चाचा ठाण्यात आले. चाचा म्हणजे बाजारात कृषी केंद्र चालवणारे साठी उलटलेले गृहस्थ. आजूबाजूच्या गावांत त्यांना सगळे याच नावाने हाक मारत. त्यांनी माझ्या टेबलावर एक पाकीट फोडलं, औषध लावून रंगवलेले चार दाणे तळहातावर घेऊन चोळले आणि हात पुढे केला. तळहात गुलाबी झाला होता.

"सायब, रंग हाताले लागून राह्यला. पक्कं बियानं असा रंग सोडत नाई. मले यात गडबड वाटते."

"माल कुठून आला?"

"अकोल्याचा एजंट टाकून गेला. बिल मागून देतो म्हने."

"बिलाशिवाय माल काहून घेतला?"

"दोन साल झाले, त्याच्याकडूनच घेऊन राह्यलो. बिल मागूनच येते."

तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याने नमुने घेतले, सील केले, प्रयोगशाळेत पाठवले. अहवाल यायला वेळ लागणार होता आणि पेरणी तोंडावर होती. घरचा तज्ज्ञ असताना वाट कशाला पाहायची, असं मला वाटलं. मी खोलीमित्राला फोन लावला आणि एक पाकीट त्याच्याकडे पाठवून दिलं. आमच्या विद्यापीठाच्या पोरांची ही जुनी खोड. कुठलंही काम असो, आधी आपल्या बॅचचा माणूस शोधायचा.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "अरे, हा माल कंपनीचा नाईच. दुकानदारानं घरी रंगवेल हाय. असे लोक मी रोज पाह्यतो. त्याच्या घराची झडती घे."

झडतीत घराच्या मागच्या पडवीत गुलाबी रंगाचा डबा सापडला. चाचांचा भाऊ सूत रंगवायचं काम करायचा. चाचा हात जोडून सांगत होते, "सायब, तो भावाचा सुताचा रंग हाय. बियान्याशी त्याचा काई संबंध नाई." मी ऐकलं नाही. चोराच्या उलट्या बोंबा, एवढंच माझ्या डोक्यात आलं. आपणच खबर दिली की आपल्यावर संशय येणार नाही, असा याचा डाव असावा, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं. भर बाजारात, दुकानासमोर जीप उभी करून मी त्यांना ताब्यात घेतलं.

कोठडीत त्यांना शंभर वेळा तेच प्रश्न विचारले आणि शंभर वेळा तीच उत्तरं आली. दुसऱ्या दिवशी आमचे जुने हवालदार माझ्याजवळ येऊन म्हणाले, "सायब, खोटं बोलनारा मानूस दर खेपेला थोडं थोडं बदलते. हा बुढा एक शब्द बदलून नाई राह्यला. आपलंच काई चुकते."

मला राग आला, पण हवालदारांचं बोलणं डोक्यातून जाईना. मी त्यांना हवा तसा तपास करायची मोकळीक दिली. चाचांनी एजंटच्या टेम्पोचं वर्णन केलं होतं, ते आम्ही तोवर तपासलंही नव्हतं. हवालदारांनी दिवसभरात टेम्पोवाला शोधून आणला. माल नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीतून, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमधून भरला, असं त्याने सांगितलं.

स्थानिक गुन्हे शाखेला घेऊन आम्ही भर दुपारी छापा घातला. शेडमध्ये मुदत संपलेल्या बियाण्याची पोती आणि जिनिंगमधली, तेलासाठी जाणारी सरकी पडली होती. गुलाबी पाण्याची पिंपं होती. बाया जमिनीवर बसून पाकिटं भरत होत्या. पंचनामा चालू असताना मी मागच्या खोलीत गेलो आणि दारातच थांबलो.

भिंतीला लागून ओल्या गोणपाटाच्या गुंडाळ्या मांडल्या होत्या. ही उगवण चाचणी. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे ठेवायचे, गुंडाळायचे आणि किती उगवले ते मोजायचे. विद्यापीठात पहिल्याच वर्षी शिकवतात. बोगस माल विकणाऱ्याला चाचणी कशाला लागते, हे मला कळेना. मी एक गुंडाळी उलगडली. आत चिठ्ठी होती. मेलेल्या दाण्याला फुली, पाणी न शोषलेल्या कडक दाण्याला गोल, आणि खाली मोजणाऱ्याची सही. मी चिठ्ठी उजेडात धरून पुन्हा पाहिली. चार वर्षं ज्याच्या जर्नलवरून मी माझं जर्नल उतरवलं, त्याचं अक्षर मला दुसऱ्या कुणी ओळखून दाखवायची गरज नव्हती.

जठारपेठेतून त्याला आणलं. तो आल्या आल्या माझ्यासमोरच्या खुर्चीत बसला. चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्यावरही त्याचा चेहरा फारसा बदलला नाही.

"उगवनीच्या चाचन्या कायले करत होता?" मी विचारलं.

"तुले नाई समजलं? वर्गात झोपतच होता तू." तो चक्क हसला. "काईच नाई उगवलं तं लोक दुकानावर येतेत, मंग तुह्याकडे येतेत. अर्धं उगवलं तं आभायाकडे पाह्यतेत. म्हनतेत पानी कमी पडलं, आपलंच बी डोबनं चुकलं. चूप बसतेत आन् रिकाम्या जागी नांग्या भराले दुसरं पाकीट नेतेत. किती सरकी मिसयली का तक्रार येत नाई, तेच मोजत होतो."

दाणा कसा जगतो हे आम्हाला एकाच वर्गात, एकाच मास्तरांनी शिकवलं होतं. या माणसाने तेच ज्ञान घेऊन, शेतकरी किती नुकसान मुकाट्याने सोसतो याचं माप काढलं होतं. दोन वर्षं त्याच्या हिशोबात चूक झाली नव्हती. या वेळी रंग कच्चा निघाला म्हणून तो सापडला, आणि तोही एका दुकानदाराला. सुवर्णपदकवाल्याच्या शेजारी बसलेल्या ठाणेदाराला नाही. आणि त्याच दुकानदाराला मी आत टाकलं होतं.

"आन् चाचाचं नाव काहून घेतलं?"

"तू इचारलं म्हनून," तो म्हणाला.

चाचांविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी त्याच दिवशी कोर्टात पाठवला. ते सुटले. खटला पुढे चालला, मित्राला शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी माझा फोटो छापला. विद्यापीठातल्या जुन्या मित्रांचे अभिनंदनाचे फोन आले.

चाचा सुटल्यानंतरच्या पहिल्याच बाजाराच्या दिवशी मी वर्दीत चाचांच्या दुकानात गेलो. ठाणेदार स्वतः येऊन चहा पितो हे चार लोकांनी पाहिलं म्हणजे यांचं नाव धुऊन निघेल, असा माझा भाबडा विचार होता. चाचांनी खुर्ची दिली, चहा मागवला. मी हात जोडून माफी मागितली. समोरच्या रस्त्याने दोन शेतकरी येत होते. जीप पाहून ते थबकले आणि पलीकडच्या दुकानात शिरले. चाचांनी ते पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "सायब, तुमी मले सोडलं, तुमचे उपकार हायेत. पन आता उठा. तुमी बसून राहान तं लोक म्हनतीन, पुन्हा पोलीस आले."

चहा तसाच ठेवून मी उठलो.

त्यानंतर तपासात ओळखीच्या माणसाचं मत मी कधी घेतलं नाही. माणसाची पदवी आणि शाल पाहून त्याचं बोलणं खरं धरायचं नाही, आणि साध्या माणसाने दिलेली खबर त्याच्यावरच उलटवायची नाही, हे मी शिकलो. उशिरा शिकलो. चाचांचं दुकान त्या हंगामानंतर बंद झालं. कागदावर ते निर्दोष होते, पण तो कागद वाचायला गावातलं कुणी ठाण्यात आलं नाही.