खिळ्याची फुली

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराच्या बाजारामागच्या गॅरेजात चोलेंग स्टूल ओढून थेट बॉनेटसमोर बसली. गाडी दुरुस्तीला दिली की ती कॉफीलासुद्धा उठत नसे. डोळ्यांत तेल घालून पाहायचं आणि काढलेला जुना भाग मागून घरी न्यायचा, हा तिचा नेम. मेकॅनिक लोक मागे हसत. हसेनात का.

शाळेच्या मुलांची ने-आण करणारी तिची व्हॅन आतून भट्टी झाली होती. सोमवारपर्यंत एसी गार झाला नाही, तर पालक मुलं दुसऱ्या व्हॅनमध्ये घालणार होते. दोन गॅरेजांनी कॉम्प्रेसर गेला म्हणून सांगितलं. चोरच सगळे. आणि सगळ्यांचा मुकुटमणी तिचा जुना मेकॅनिक पिलो, तिच्या लेकीचा धर्मपिता; त्या नात्याने ती त्याला कुंपारे म्हणे, तो तिला कुमारे. त्याने भरलेला गॅस दर उन्हाळ्यात उडून जायचा. तू मुद्दाम गळका ठेवतोस, असं तिने त्याला भर बारशाच्या जेवणात, भाजलेल्या डुकरासमोर सुनावलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद.

"कॉम्प्रेसर ठणठणीत आहे, मनांग," थोरल्या बहिणीला मारावी तशी हाक मारत नवा मेकॅनिक देल्फिन म्हणाला. "थोडा गॅस भरला तर लगेच चालला. गळती शोधू."

"शोधतोस की करतोस?"

तो हसला आणि ब्रशने पाइपांना साबणाचा फेस लावू लागला. चोलेंग इतकी वाकली की फेस तिच्या नाकाला लागला. एका ठिकाणी बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. देल्फिनने तिथला फेस पुसला. खाली कोरलेली फुली होती.

"खिळ्याने कोरलंय कुणीतरी. खाऱ्या हवेने तिथेच भोक पडलं. ज्याने केलं त्याच्या दारात पुन्हा जाऊ नका, मनांग."

चोलेंगने ती फुली ओळखली. पिलोने भाग बदलले तर कळावं, म्हणून गाडी त्याच्याकडे नेण्याआधी तिनेच सगळीकडे फुल्या कोरल्या होत्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

देल्फिनने तेवढा तुकडा कापून नवा बसवला. गार वारा आला. जुना तुकडा मागून घेऊन ती थेट पिलोच्या शेडसमोर थांबली.

"आता काय चोरलं मी, कुमारे?" पिलोने हात पुसत विचारलं.

तिने तुकडा पुढे केला. "फुली माझी आहे. तू नव्हतास रे चोर."

पिलोने तो उजेडात फिरवून पाहिला.

"बॉनेट उघड," तो म्हणाला. "बाकीच्या फुल्या कुठे कुठे आहेत, दाखव."

चोलेंगने एकेक दाखवली. मग स्टूल न शोधता ती त्याच्या बायकोकडे कॉफी मागायला आत गेली.