रोहा सगळ्यात शेवटी

"तुमचं झालं? मग मी बोलतो."

हे ऐकलं की मला हसू फुटायचं, कारण माझं कधी होतच नसे. मी पेणच्या कचेरीतली टायपिस्ट, तोंडाचा पट्टा सकाळपासून चालू. आणि हे आमच्या कचेरीतले वायरलेसवाले. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया. सेटचा हा नियम त्यांनी बाजारातही लावला होता. सुकट विकणारी भाव सांगून, सुनेची गाऱ्हाणी सांगून दम घेईपर्यंत उभे राहायचे. मग विचारायचे, "झालं तुमचं?"

"व्हय बाबा, झालं! घे आता काय ते."

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, ज्याला सगळे ऐकवतात आणि ज्याला कुणी काही विचारत नाही. यांनी लग्न केलं नव्हतं. कचेरीमागे एक खोली, एक स्टोव्ह, दोरीवर दोन शर्ट. उन्हाळाभर सेट कपाटात आणि हेही कपाटात ठेवल्यासारखेच.

पावसाळा लागला की मात्र जीव यायचा. एक सेट टेबलावर, एक जीपमध्ये. उधाणाची भरती आणि वरून धो धो पाऊस, असं जुळून आलं की खाडीकडचे बांध फुटायचे, टेलिफोनच्या तारा तर त्याआधीच लोळायच्या. मग जीप बांधापर्यंत जायची, आणि होडी कुठे हवी, माणसं कोणत्या शाळेत हलवली, ते यांच्या तोंडून सगळ्यांना कळायचं.

रोज सकाळी ते एकेका ठाण्याला हाक मारून सेट तपासायचे. रोहा सगळ्यात शेवटी, कारण रोह्याला वेळ लागायचा. तिथल्या ऑपरेटरला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. हे त्याला 'रोहा' म्हणायचे, तो यांना 'पेण'. खाजगी बोलायची परवानगी नव्हती. पण तपासणीच्या नावावर काय चालायचं ते मी ऐकत होते ना!

"रोहा, आवाज कसा येतोय?"

"बसलाय तुझा आवाज. काढा घे. भाकरी खाल्लीस काय?"

तोवर शिपायाने ठेवलेल्या चहावर साय धरायची. शिपाई कुरकुरायचा, "यांना चहा देणं म्हंजे पाण्यात घालणं हाय."

एका पावसात कुंडलिका नदी रोह्याच्या बाजारात शिरली आणि रोह्याचा आवाज बंद झाला. हे तेव्हा जीपमध्ये, बांधावर. मी माणसांच्या याद्या करायला सोबत गेले होते. इकडचे सगळे निरोप त्यांनी नीट दिले, आणि मधे मधे तेच, "रोहा, बोला. मी ऐकतोय." बटण सोडायचे, थांबायचे. पुन्हा दाबायचे. मी पहिल्यांदाच गप्प बसले होते.

दुपार कलली तेव्हा खरखर झाली. "हाय रे, पेण. सेट माळ्यावर चढवला. मी पण माळ्यावरच हाय."

यांनी नियमाप्रमाणे "संदेश मिळाला" म्हटलं आणि मग हे ढसाढसा रडले.

मी म्हटलं, पुरे झालं हे! दिवाळीत त्यांना धरून एस.टी.ने रोह्याला नेलं. आवाज भारदस्त, माणूस निघाला चिमणीएवढा. दोघं समोरासमोर बसले आणि बोलती बंद. "तू बोल." "नाय, तू बोल." चहा झाला, चकली झाली. दोघंही दुसऱ्याचं संपायची वाट बघत होते आणि सुरू कुणीच केलं नव्हतं. शेवटी रोह्याची बायको खेकसली, "अवो, एक जण मागच्या पडवीत जाऊन बसा!"

हे गेले मागे. मधे भिंत आली, आणि काय सांगू, संध्याकाळच्या गाडीपर्यंत दोघांची तोंडं मिटली नाहीत. निघताना रोहा म्हणाला, "जूनला बोलू."

जून आला. सेट कपाटातून निघाला, हळदकुंकू वाहून झालं, सगळी ठाणी झाली. मग हे खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "रोहा, बोला."

"येस सर, रोहा." कोवळा आवाज.

"तिथे पहिले होते ते?"

"ते वारले सर. शिमग्याच्या आधी. हार्टचं होतं."

आमच्या कचेऱ्यांना फोन होते हो! पण एका वायरलेसवाल्याच्या मरणाचा फोन दुसऱ्याला कोण करणार? त्याच्या बायकोला तरी यांचं नाव कुठे ठाऊक? तिच्या घरीही हे नुसते 'पेण'च होते. मला इतका संताप आला की टाइपरायटरचा कागदच फाडला.

हे बटण सोडून बसले होते. समोरचं झालं होतं. आता यांनी बोलायचं होतं.

"संदेश मिळाला," ते म्हणाले. "पाऊस सांगा."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रोहा पहिला घ्यायला सुरुवात केली. शेवटचं ठाणं झालं की लगेच उठायचे आणि चहा गरम असतानाच संपवायचे. शिपाई खूश होता. म्हणाला, "बाई, सुधारला हो माणूस."